मोत्यासह द्राक्षांच्या गावी

कुत्रे बरोबर घेऊन दूरच्या यात्रेला निघालेले एकच गृहस्थ मला पुस्तकांतून ठाऊक होते. ते म्हणजे धर्मराज. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, एकामागून एक चौघे भाऊ पडले, पण कुत्रे शेवटपर्यंत मागे येत राहिले. आणि स्वर्गाच्या दाराशी रथ घेऊन आलेल्या इंद्राने सांगितले की, आपण यावे, कुत्र्याला मात्र जागा नाही. हा प्रसंग मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितला असेल. पण इंद्राचे हेच वाक्य पाठ केलेली माणसे हॉटेलांच्या टेलिफोनवर आजही बसलेली असतात, हे मला २०२४ च्या फेब्रुवारीत कळले.

आमचा मोत्या हा शुद्ध गावठी कुत्रा. आमची मुलगी नववीत असताना कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीतून तिने त्याला दप्तरात घालून घरी आणले. तो तिचाच. ती अमरावतीला एम.एस्सी. करायला गेली तेव्हा शनिवार-रविवारी यायची, म्हणून त्याने ते सोसले. पण मागल्या वर्षी ती नोकरीसाठी नाशिकला गेली आणि मोत्याचे अन्नावरचे लक्ष उडाले. एका लग्नासाठी आम्ही चार दिवस पुण्याला गेलो, त्याला शेजारी ठेवले, तर पठ्ठ्याने चार दिवस पाण्याशिवाय कशाला तोंड लावले नाही. तेव्हा शिवजयंती सोमवारी आली, शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस मिळाले, आणि मुलीला भेटून यावे असे ठरले, तेव्हा सौ.ने पहिली अट घातली की मोत्या बरोबर येईल.

दुसरी अडचण मी कोणाला सांगत नव्हतो. मुलगी नोकरीला होती ती एका वायनरीत, म्हणजे द्राक्षांची वाइन करण्याच्या कारखान्यात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, प्रयोगशाळेत काम, पगार बरा. अकोटात कोणी विचारले की मी सांगत असे, "अन्नप्रक्रिया उद्योगात आहे." वाक्यात खोटे काही नव्हते. वाक्य खोटे न करता अर्थ झाकायचा, ही विद्या मराठीच्या प्राध्यापकाला यायचीच. पण त्यामागे एक कारण होते. माझे मामा जिनिंगमध्ये चांगल्या नोकरीवर होते. आधी मोहाची, मग देशी, असे करीत त्यांनी दोन वावरे संपवली आणि पंचेचाळिशीच्या आत स्वतःही संपले. आई तेव्हापासून 'बाटली' हा शब्द रॉकेलच्या बाटलीसाठीसुद्धा वापरीत नाही. 'एकच प्याला' शिकवताना सुधाकराशी आलो की मला मामांचा चेहरा दिसतो. अशा घरची नात दारूच्या कारखान्यात! आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रवासाची चौकशी केली. रेल्वेचा नियम असा की, कुत्र्याला आपल्याजवळ ठेवायचे तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावे हवी. नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात त्याची रवानगी. मोत्याने पिंजऱ्यात रात्र काढली असती की नाही कोण जाणे, मी मात्र काढली नसती. एस.टी.च्या कंडक्टरला विचारण्याचे धाडस झाले नाही. शेवटी मोटार ठरवली. ड्रायव्हर आमच्याच आळीतला. पहाटे पाचला सतरंजी अंथरून मोत्याला मागे बसवले, तेव्हा तो म्हणाला, "सर, याले कोठी नेता?" मी म्हटले, नाशिकला, वायनरी पाहायला. तो बराच वेळ गप्प बसला आणि देवरी फाट्याच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "मानसं जातात हे मले ठाऊक व्हतं."

शेगाव, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे. साडेचारशे किलोमीटरच्या घरातला रस्ता. दर दोन तासांनी मोत्याला उतरवून फिरवायचे, वाटीभर पाणी द्यायचे, आणि बंद गाडीत त्याला एकटा सोडून चहाला जायचे नाही. फेब्रुवारीतही उन्हात उभी असलेली मोटार थोड्या वेळात भट्टी होते. हे तिन्ही नियम सौ.ने लिहून आणले होते. चौथा होता रेबीजच्या लशीचा दाखला जवळ ठेवण्याचा, आणि तोच मुक्कामाच्या ठिकाणी सर्वांत आधी मागितला गेला.

चांदवडचा घाट उतरून पिंपळगाव बसवंतकडे निघालो की कापसाच्या माणसाचे डोळे बदलतात. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेली, ओळीमागे ओळ. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षाची लागवड केली, तिथून हा पसारा वाढला असे सांगतात. पण ती सारी खायची द्राक्षे. वाइनची द्राक्षे निराळी असतात, लहान, जाड सालीची, बियांची; हातात घेतली तर बाजारात कोणी विचारणार नाही. महाराष्ट्रात त्यांची बरकत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात केला. फ्रेंच जाणकारांच्या मदतीने त्यांनी फेसाळणारी वाइन काढली आणि परदेशी पाठवताना तिला नाव दिले 'ओमर खय्याम'. माधव जूलियनांनी रुबायांचे 'द्राक्षकन्या' या नावाने मराठी केले १९३१ साली. तेव्हा त्या कन्येचे माहेर पुढे पुणे जिल्ह्यात निघेल, हे त्यांच्या मनातही आले नसेल. ती कंपनी पुढे आर्थिक अडचणीत सापडून बंद पडली. पण तोवर नाशिक जागे झाले होते. कॅलिफोर्नियात शिकून, तिथे नोकरी करून परतलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षे लावली, आईच्या सुलभा या नावावरून 'सुला' नाव ठेवले आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूरला नि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क निघाले. २००५ साली सुलाने लोकांना कारखान्यातच बोलावून चाखायला देण्याची खोली उघडली, आणि लोणावळ्याला चिक्की घ्यायला जावे तसे मुंबईकर नाशिकला वाइन घ्यायला येऊ लागले.

रविवारी दुपारी तिथे गेलो. मोत्याला ड्रायव्हरजवळ झाडाखाली ठेवले. आत नेऊ देतात का, हे विचारण्याच्या भानगडीत पडलो नाही. मी वेगळेच काही पाहण्याच्या तयारीने गेलो होतो. झिंगलेली माणसे, भलत्यासलत्या गोष्टी. प्रत्यक्षात पाहिले ते हे की, आजोबा नातवाला चिप्स भरवीत बसले आहेत, दोन बायका पैठणी नेसून फोटो काढून घेत आहेत, आणि एक मार्गदर्शक तरुण स्टीलच्या उंच टाक्यांपुढे उभा राहून साखरेचे मद्यार्क कसे होते ते मराठीत समजावतो आहे. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साली बाजूला करतात. तांबडीसाठी सालींसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. यीस्ट साखर खाते, मद्यार्क नि कर्बवायू सोडते. शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क. आमच्या घरी सर्दीवर येणाऱ्या द्राक्षासवातही आंबवून झालेले मद्यार्क असतेच, पण त्याच्या बाटलीवर वैद्याची चिठ्ठी असल्यामुळे त्याचा धर्म बदलतो.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा एक वाद रंगला होता. माझे मत विचाराल तर ही पळवाट आहे. बारा टक्के ते बारा टक्केच. माझ्या मुलीचेही तेच म्हणणे आहे, आणि ती रोज मोजते.

मुक्काम मात्र तिच्याच वायनरीत होता. धरणाच्या अंगाला, वेलींच्या मधोमध पाच-सहा खोल्या, पुढे पडवी. कुत्र्यामागे वेगळे पैसे भरायचे, त्याला पलंगावर चढवायचे नाही, बाहेर पट्टा सोडायचा नाही, एवढ्या अटी. शनिवारी संध्याकाळी मोटार थांबली तेव्हा मुलगी पांढरा अंगरखा घालून पडवीत उभी होती. मोत्याने तिला पाहिले. तो धावला नाही. दोन पावले गेला, खाली बसला आणि लहान पिलासारखा कुंई कुंई करू लागला. सौ. डोळे पुसण्यासाठी चष्मा शोधू लागली. मी सामान उतरवीत होतो, म्हणून सुटलो.

मुलीने पहिल्यांदा सांगितले ते हे : "बाबा, याला एकही द्राक्ष खाऊ द्यायचे नाही. द्राक्षे कुत्र्यांना विष असतात. मनुका, बेदाणे तर जास्तच." मी मान डोलावली. ज्या फळाचा आपण देवाला नैवेद्य दाखवतो ते विष कसे असेल, असे काहीसे मनात म्हटले आणि विसरून गेलो.

रविवारी सुलाहून परतल्यावर तिने तिचे कामाचे ठिकाण दाखवले. टाक्यांच्या दालनाच्या दाराशीच तिने मोत्याला अडवले. आंबताना निघणारा कर्बवायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. माणसाचे नाक वर असते, कुत्र्याचे खाली. मला एकदम मार्क ट्वेन आठवला. इटलीत नेपल्सजवळ अशीच वायू साचणारी एक गुहा आहे. तिथे वाटाडे प्रवाशांची करमणूक म्हणून कुत्र्याला आत नेऊन बेशुद्ध करून दाखवीत, म्हणून तिचे नावच कुत्र्याची गुहा. ट्वेन मोठ्या हौसेने प्रयोग करायला गेला आणि तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आले की आपल्याजवळ कुत्राच नाही. मी ही गोष्ट सांगितली, मुलगी हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच याला बाहेर बांधा."

प्रयोगशाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली. तिने एका नळीतून द्राक्षरसात थेंब थेंब द्रव सोडला, रसाला गुलाबी झाक येईपर्यंत, आणि वहीत आकडा लिहिला. आम्ल मोजणे हे तिचे रोजचे काम. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक. उन्हाच्या मुलखात फळ पिकता पिकता आम्ल उतरते, मग वाइन मिळमिळीत होते, म्हणून ते मोजून वरून घालावे लागते. एकदा साखर चढली, आम्ल उतरले, की तोडणीचा दिवस ठरतो. तो दिवस ती ठरवते! म्हणजे एकटी नाही, पण तिच्या वहीतल्या आकड्यावर पन्नास माणसे पहाटे चारला बागेत उतरतात. आमच्याकडे वेचणीचा दिवस सावकार नि मजूर मिळून ठरवीत.

बागेतल्या माणसाने आणखी एक गंमत सांगितली. वेल वरून फ्रेंच जातीची असली तरी मुळे बहुधा दुसऱ्याच जातीची असतात. त्या खुंटाचे नाव 'डॉगरीज'. खारट पाणी नि पाण्याचा ताण तो सोसतो. खारपाणपट्ट्याच्या कडेला राहणाऱ्या मला त्या खुंटाविषयी एकदम आपुलकी वाटली. मोत्यालाही वाटली असावी, कारण त्याने लगेच पाय वर केला.

संध्याकाळी चाखणे झाले. पेला तिरपा धरायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकून टाकायचा. मुलगी दिवसाकाठी असे वीस-तीस घोट घेते आणि सगळे थुंकते. गिळले तर दुपारनंतर आकडे चुकतील. अंजनगावच्या पानांवर वाढलेल्या आम्हाला थुंकण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागले नाही. सौ.ने 'शेनिन ब्लाँ' चाखून "पन्ह्यासारखी लागते, पण पन्हे बरे," असा निकाल दिला. मी दोन घोट घेतले, दोन्ही थुंकले. मला मामांची आठवण झाली होती आणि ती मुलीला कळली होती. ती एवढेच म्हणाली, "मला आजीनं मामाआजोबांचं सगळं सांगितलंय, बाबा. मी लहान असतानाच." पुढे दोघेही बोललो नाही.

सोमवारी पहाटे तोडणी होती. मला झोप येईना. दिव्यांच्या उजेडात माणसे घड कापून कॅरेटमध्ये टाकताहेत हे पाहायला मी मोत्याला घेऊन बाहेर पडलो. पेठ-सुरगाण्याकडची माणसे, हात असे चालतात की कात्री दिसत नाही. मी पाहत राहिलो, आणि केव्हातरी हातातला पट्टा सैल सोडला. किती मिनिटे गेली सांगता येणार नाही. कोणीतरी हाक मारली, "ओ काका, तुमचा कुत्रा!" मोत्या ओळीच्या टोकाला, खाली पडलेल्या घडावर तोंड घालून चघळत होता. मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिले, तोंडातून रस गळत होता. नाशिकला आल्यापासून त्याने पहिल्यांदा मनापासून काही खाल्ले होते.

मला वाटले, सांगू नये. दोन-चार द्राक्षांनी काय होते? तेवढ्यात मुलगीच धावत आली. ओरडली नाही. किती वाजले, किती खाल्ली, कोणत्या ओळीतली, हे तीन प्रश्न विचारले आणि फोन लावला. पंधराव्या मिनिटाला आम्ही मोटारीत होतो. वाटेत तिने सांगितले ते मी आता नीट ऐकले. द्राक्षांनी काही कुत्र्यांचे मूत्रपिंड बंद पडते. कोणाला दहा द्राक्षांनी काही होत नाही, कोणी चार-पाचांनी दगावतो. असे का, ते पुष्कळ वर्षे कळत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी दाखवून दिले की घरगुती खेळण्याच्या कणकेतले 'क्रीम ऑफ टार्टर' खाऊन कुत्र्याला अगदी हीच बाधा होते. तेव्हा अपराधी टार्टारिक आम्लच असावे. चिंचेतही ते असते. फळागणिक, पिकण्यागणिक ते कमीजास्त, म्हणून सुरक्षित माप सांगता येत नाही. "या ओळीतलं आम्ल मी काल मोजलंय," ती म्हणाली. "अजून चढंच आहे." काल गुलाबी झालेला तो रस मला डोळ्यांपुढे दिसू लागला.

डॉक्टर दार उघडून वाट पाहत होते. दोन तासांच्या आत आणलेत हे बरे केलेत, म्हणाले, आणि उलटीचे इंजेक्शन दिले. साली मोजल्या तर पंधराच्या वर. मग कोळशाची पूड पाजली, सलाइन लावले, रक्त घेतले. क्रिएटिनिन आज नि परवा पाहायचे. बिघाड असेल तर एक ते तीन दिवसांत कळेल, तोवर हलायचे नाही. मोत्या टेबलावर पडून मुलीच्या हाताकडे पाहत होता. तिचा हात सलाइनच्या नळीवर होता, आणि तो थरथरत नव्हता. माझे दोन्ही थरथरत होते.

मंगळवारी कॉलेजात घटक चाचणीचे काम माझ्याकडे होते. प्राचार्यांना फोन लावला. "सर, दोन दिवस रजा हवी. मुलीच्या वायनरीत आहोत, कुत्र्याने द्राक्षे खाल्ली," एवढे मी एका दमात बोलून गेलो. पलीकडे क्षणभर शांतता होती. काय बोललो ते फोन ठेवल्यावर ध्यानात आले.

बुधवारी दुपारी दुसरा अहवाल आला. आकडे जागच्या जागी. मोत्याने भात नि कोंबडीचे पाणी चाटूनपुसून खाल्ले, आणि निघताना मुलीच्या अंगरख्याचा एक जुना तुकडा तोंडात धरून गाडीत चढला.

आम्ही अकोटला पोचण्याआधीच बातमी पोचली होती. दोन दिवसांत तीन प्रतिष्ठित गृहस्थांनी मला एकेकटे गाठून, इकडेतिकडे पाहत, एका बाटलीला काय पडते असे विचारले. कुत्र्याची चौकशी मात्र सगळ्यांनी मोठ्याने केली.

आई ओसरीवर बसली होती. मोत्याला जवळ घेऊन तिने त्याचे डोळे पाहिले, नाक पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारूच्या कारखान्यात हाये म्हने पोरगी."

मी म्हटले, हो.

"पेते काय?"

"चाखते नि थुंकते. कामच ते आहे तिचं."

ती बराच वेळ मोत्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. "मंग माह्या भावाले काहून नाही कोनी थुकाले शिकवलं?" असे म्हणून उठली आणि आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण नाशिकचा फोन आला की आता पहिल्यांदा तीच घेते. थंडी किती, तोडणी कधी, एवढे विचारते.

यंदा मुलगी दिवाळीला येते आहे. परवा रव्याचे लाडू वळताना आईने परातीतल्या मिश्रणातून दोन मुठी आधीच बाजूला काढल्या, आणि बेदाण्यांची वाटी उचलून वरच्या फळीवर, मोत्याचे नाकही पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली.